पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीने : सेलूच्या ताईंना उत्तर

पत्र : मी सेलू तालुक्यातील एका गावात राहते. सातवीपर्यंत शिकले आहे. इंग्रजी अक्षरे व आकडे वाचता येतात, पण बोललेले समजत नाही. माझी मुलगी शिकागोला असते आणि तिचे पहिले बाळंतपण दसऱ्यानंतर आहे. यजमानांना सोयाबीनची रास आणि कापसाची वेचणी सोडून येता येत नाही, म्हणून मला एकटीलाच जावे लागणार आहे. जावयांनी मुंबई-दुबई-शिकागो असे एमिरेट्सचे तिकीट काढले आहे. दुबईला साडेतीन तासांत विमान बदलायचे आहे. मी आजवर विमानात बसलेली नाही. दुबईत चुकले तर काय, शिकागोच्या साहेबाने विचारलेले कळले नाही तर काय, या विचाराने झोप लागत नाही. शेजारच्या बाई म्हणतात, व्हीलचेअर मागून घ्या, म्हणजे कुणाला काही विचारायलाच नको. मी काय करावे?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला भीती इंग्रजीची वाटते आहे. मला मात्र तुमच्या बॅगेत काय असेल याची काळजी अधिक वाटते, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई रिकाम्या हाताने जात नाही. डिंक, खारीक, खोबरे, खसखस, अळीव, ओवा, बाळंतशेपा, शिवाय घरचा येसूर आणि काळे तिखट, असे सगळे तुम्ही आतापासून डब्यांत भरून ठेवले असेल, असे मी धरून चालते. यातल्या दोन वस्तू आजच बाजूला काढा.

पहिली खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिथे तिची गणना अफूशी संबंधित वस्तूंत होते आणि ती बाळगणे हा गुन्हा आहे. तुम्ही दुबईत विमानतळाबाहेर पडणार नसलात, तरी तुमचे सामान त्या देशातून जाणार आहे, म्हणून थोडीशीही खसखस नको. सुटी पुडी काढून टाकणे सोपे आहे, पण डिंकाच्या लाडवांत, अनारशांवर आणि कित्येक घरांतल्या मसाल्यात ती मिसळलेली असते. ज्या मसाल्यात खसखस पडली आहे की नाही याची तुम्हाला खात्री नसेल, तो डबा घरीच ठेवा. दुसरी वस्तू म्हणजे सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. खोबऱ्यातील तेलामुळे ते तापून पेट घेण्याची शक्यता असते, म्हणून त्या वाट्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातही चालत नाहीत. मुंबईच्या विमानतळावर असे खोबरे बॅग उघडून काढून ठेवले जाते. लेकीची आबाळ होईल असे मनात आणू नका, कारण शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यू या रस्त्यावर भारतीय किराण्याची दुकाने ओळीने आहेत आणि डिंक, खारीक, खोबरे, खसखस तिथे सहज मिळते. जावयांना यादी आधीच पाठवून द्या.

ताजा कढीपत्ता, ताजी फळे, भाज्या, पेरण्याजोगे बियाणे आणि मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेऊ नका. लोणचे, तूप यांसारखे पातळ किंवा तेलकट पदार्थ मोठ्या बॅगेत घट्ट झाकणाच्या डब्यात, वर प्लास्टिकचे दोन थर गुंडाळून ठेवा. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीतले द्रव चालत नाही. तिखट-मसाल्यांची पूडही मोठ्या बॅगेतच असावी, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात साधारण ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की तिची वेगळी तपासणी होते. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या मात्र नेहमी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटासह आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. वेदनाशामक गोळ्यांपैकी ट्रामाडोल आणि कोडीन असलेली औषधे अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत, म्हणून गुडघेदुखीसाठी काही घेत असाल तर त्यात हे घटक आहेत का, हे औषधाच्या दुकानात विचारून घ्या. पॉवर बँक असल्यास तीही हातातल्या बॅगेतच ठेवायची असते.

आता प्रवासाकडे येते. देवगिरी किंवा तपोवनसारख्या गाडीने तुम्ही मुंबईला जाल, पण विमानाच्या दिवशीच मुंबईत उतरण्याचा बेत कृपा करून करू नका. आपल्या मार्गावर गाड्या उशिरा धावतात हे तुम्हाला मी सांगायला नको. एक दिवस आधी जा, कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा आणि विमान सुटण्याच्या चार तास आधी सहारच्या टर्मिनल २ वर पोहोचा. टॅक्सीवाल्याला ‘इंटरनॅशनल, टर्मिनल दोन, डिपार्चर’ एवढे सांगितले की तो वरच्या मजल्यावर दाराशी सोडतो. दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान पासपोर्ट आणि तिकीट पाहूनच आत सोडतात आणि सोबत आलेल्यांना तिकीट नसल्यास तिथेच थांबावे लागते. निरोप त्या दारापाशीच घ्यावा लागेल, याची मनाची तयारी दोघांनीही आधी केलेली बरी.

आत गेल्यावर एमिरेट्सच्या काउंटरवर मोठ्या बॅगा द्यायच्या आहेत. इथे सगळे हिंदीत बोलता येते, म्हणून संकोच न करता तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली, मुंबई-दुबई आणि दुबई-शिकागो असे दोन्ही बोर्डिंग पास हातात आले का. दुसरी, बॅगेला लावलेल्या पट्टीवर ‘ओ, आर, डी’ ही तीन अक्षरे आहेत का. शिकागोच्या ओहेअर विमानतळाची ती खूण आहे, आणि ती असली म्हणजे तुमचे सामान दुबईत आपोआप दुसऱ्या विमानात जाईल, तुम्हाला तिथे बॅगा शोधायच्या नाहीत. तिसरी, बॅगांच्या पावतीचे छोटे स्टिकर तुम्हाला मिळाले का. ते पासपोर्टच्या मागे चिकटवलेले असू द्या. नंतर पासपोर्टवर शिक्का मारणारा इमिग्रेशनचा काउंटर आणि सुरक्षा तपासणी, असे दोन टप्पे लागतात. गावात कुणी सांगेल की तिथे फॉर्म भरावा लागतो, पण भारतीय नागरिकांसाठी तो प्रस्थानाचा फॉर्म १ जुलै २०१७ पासून बंद झाला आहे. मुंबईचे विमानतळ आवाज कमी ठेवण्याच्या धोरणाने चालते, म्हणून रेल्वे स्थानकासारखी आपल्या गाडीची घोषणा कानावर पडेल या भरवशावर बसून राहू नका. बोर्डिंग पासवरच्या गेटच्या क्रमांकासमोर जाऊन बसा आणि तिथून हलू नका.

दुबईविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमची झोप तिथेच अडली आहे. २०२४ मध्ये त्या विमानतळावरून ९ कोटी २३ लाख प्रवासी गेले. त्यांतील फार मोठा भाग तुमच्यासारखाच, एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसणाऱ्यांचा असतो, आणि सगळी व्यवस्था त्यांच्यासाठीच आखलेली आहे. मनमाडला गाडी बदलून भुसावळकडे जायचे असते तेव्हा आपण फलाटाचा क्रमांक विचारतो, जिना चढतो आणि त्या फलाटावर जाऊन उभे राहतो. इथेही तेवढेच करायचे आहे, आणि डोक्यावर बोचके नसल्यामुळे ते मनमाडपेक्षा हलके जाईल.

विमानातून उतरल्यावर ‘कनेक्शन्स’ या शब्दाच्या पाट्या दिसतील. हा शब्द मुलीकडून इंग्रजी अक्षरांत मोठा लिहून घ्या आणि पाटीशी ताडून पाहत चला. ‘अरायव्हल्स’ किंवा ‘बॅगेज’ लिहिलेल्या दिशेला मात्र दुबईत वळू नका, ती वाट शहरात जाते. पुढे सुरक्षा तपासणी पुन्हा एकदा होते, त्यामुळे पाण्याची बाटली तोवर रिकामी केलेली असावी. तपासणीनंतर मोठे पडदे दिसतात आणि त्यांवर विमानाचा क्रमांक, गावाचे नाव व गेट लिहिलेले असते. विमानाच्या क्रमांकावरून शोधा, वेळेवरून शोधू नका. गेटच्या आकड्याआधी ए, बी किंवा सी असे अक्षर असते आणि ते अक्षर म्हणजे इमारतीचा भाग. ए भागात जायचे असेल तर मध्ये चालकाविना धावणारी छोटी रेल्वे लागते. ती फुकट असते आणि पाट्याच तुम्हाला तिच्यापर्यंत नेतात. बी आणि सी भागांत पायी जाता येते. मुंबईत मिळालेल्या पासवर दुबईचे गेट छापलेले नसेल किंवा छापलेले नंतर बदलेल, म्हणून पडद्यावर दिसेल तेच खरे माना आणि बसण्यापूर्वी ते पुन्हा एकदा पाहा.

घड्याळाचा घोटाळा टाळा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते आणि पासवरची वेळ दुबईची असते. मनगटावरचे घड्याळ विमानातच दीड तास मागे करा. गेट साधारणपणे विमान सुटण्याच्या वीस मिनिटे आधी बंद होते. अमेरिकेच्या विमानासाठी गेटपाशी कागदपत्रांची आणि सामानाची आणखी एक तपासणी होण्याची शक्यता असते, म्हणून दीड तास आधीच तिथे जाऊन बसा. दुकानांच्या झगमगाटात रमण्यासारखे तिथे पुष्कळ आहे, पण पहिल्या खेपेला ते राहू द्या.

तिथे विचारायचे कुणाला? गणवेशातला कुणीही चालेल, आणि हिंदीतच विचारा. दुबईच्या विमानतळावर भारतातून, पाकिस्तानातून, नेपाळातून आलेली माणसे मोठ्या संख्येने काम करतात. शिवाय आपल्या मराठवाड्याने निजामाच्या राज्यात कित्येक पिढ्या काढल्या आहेत, त्यामुळे परभणी जिल्ह्यातल्या माणसाच्या कानाला हिंदी-उर्दू परकी नसते. बोर्डिंग पास पुढे करून ‘शिकागो का गेट किधर है?’ एवढे म्हटले की काम होते. अनोळखी माणसाची बॅग सांभाळण्याचे किंवा त्याचे पार्सल सोबत नेण्याचे मात्र कुणी कितीही गोड शब्दांत विनवले तरी स्वीकारू नका.

फोनची एक गोष्ट मुलीलाही सांगून ठेवा. दुबईत विमानतळाचे वायफाय मोफत मिळते, पण अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, फक्त लिहिलेला किंवा बोलून नोंदवलेला संदेश जातो. हे ठाऊक नसले की इकडे तुम्ही घाबरता आणि तिकडे ती. ‘गेटवर पोहोचले’ एवढा संदेश बोलून पाठवला की पुरे. निघण्याआधी भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक टाकून घेतला तर साधा फोनही करता येईल.

आणि समजा, मुंबईहूनच विमान उशिरा सुटले आणि दुबईचे पुढचे विमान हुकले, तर रडू आले तरी चालेल, पण बाहेर पडू नका. तुमचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे, त्यामुळे पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीची असते. ‘कनेक्शन्स’च्या वाटेवरच कंपनीचा काउंटर असतो, तिथे दोन्ही पास दाखवा.

व्हीलचेअरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्यांना लांब चालवत नाही, जिने चढवत नाहीत, त्यांच्यासाठी ती सेवा आहे. ती विनाशुल्क मिळते आणि प्रवासाच्या किमान दोन दिवस आधी कंपनीला कळवावी लागते. तुमचे गुडघे किंवा श्वास साथ देत नसतील तर ती जरूर मागा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण तुम्ही शेतात दिवसभर वावरणाऱ्या आहात आणि अडचण फक्त भाषेची आहे. अशा वेळी खुर्ची मागितली तर तिची खरी गरज असलेल्या एखाद्या वृद्धाला ताटकळावे लागते. शिवाय खुर्चीत बसलेल्या माणसाला ढकलणाऱ्याची वाट पाहत बसावे लागते आणि आपण कुठे आहोत हेही कळत नाही. सोबत माणूस हवाच असे वाटत असेल तर दुबईत ‘मरहबा’ नावाची पैसे देऊन घ्यायची सेवा आहे. त्यांचा माणूस विमानाच्या दारापासून किंवा जवळून तुम्हाला पुढच्या गेटपर्यंत नेतो. जावयांनी ती आधी नोंदवली तर तुमच्या जिवाला स्वस्थता मिळेल, आणि पहिल्या खेपेला हा खर्च मला योग्य वाटतो.

दुबई ते शिकागो हा प्रवास चौदा-पंधरा तासांचा असतो. शाकाहारी असाल तर जावयांना तिकिटावर ‘एशियन व्हेजिटेरियन’ जेवण किमान एक दिवस आधी नोंदवायला सांगा. दर दोन तासांनी उठून पाय मोकळे करा. विमानात मिळालेले सफरचंद किंवा केळे पिशवीत टाकून उतरू नका, ते विमानातच खा किंवा तिथेच सोडा.

ओहेअरला तुमचे विमान टर्मिनल ५ वर येते. सगळे प्रवासी ज्या दिशेने जातात त्याच दिशेने चालत राहा. पुढे रांगा वेगळ्या होतात, त्यांत ‘व्हिजिटर्स’ लिहिलेली तुमची. वेळ एक तास लागेल, कधी दोनही लागतील. तिथला अधिकारी पासपोर्ट पाहतो, बोटांचे ठसे आणि फोटो घेतो आणि काही प्रश्न विचारतो. कशासाठी आलात, कुणाकडे राहणार, किती दिवस, परत कधी जाणार, सोबत पैसे किती, खाण्याचे काही आणले आहे का, असे बहुधा तेच ते प्रश्न असतात. खरे तेच सांगा आणि विचारले तेवढेच सांगा. मुलीचे बाळंतपण आहे, तिला भेटायला आणि नातवंड पाहायला आले, शेत-घर तिकडे आहे, अमुक तारखेला परत जाणार, हे तुमचे खरे उत्तर आहे आणि ते पुरेसे आहे. काही जण सल्ला देतील की बाळंतपणाचे नाव काढू नका. तो सल्ला मानू नका, कारण बॅगेत झबली-टोपडी आणि तोंडी दुसरेच काही, असे झाले तर साध्या गोष्टीचा संशय होतो. पाहुणी म्हणून मिळालेल्या व्हिसावर तिथे पगाराचे काम करता येत नाही, एवढे मात्र लक्षात ठेवा. कुणी पगार देणार का असे विचारले तर सरळ ‘नो’ म्हणा.

प्रश्न कळला नाही तर अंदाजाने ‘यस’ म्हणू नका. माझ्याकडे अशा प्रवासांबद्दल जी पत्रे येतात, त्यांत अडचणीचे मूळ बहुधा या न कळता म्हटलेल्या ‘यस’मध्ये सापडते. ‘नो इंग्लिश. मराठी, हिंदी’ असे शांतपणे म्हणा. तिथे फोनवरून दुभाषी मिळू शकतो आणि तो मागण्यात गैर काही नाही. मुलीकडून एका कागदावर इंग्रजीत तिचे नाव, पत्ता, फोन, तुमचे नाते, राहण्याचे दिवस आणि परतीच्या तिकिटाची तारीख लिहून घ्या आणि तो कागद पासपोर्टसोबत पुढे करा. परतीच्या तिकिटाची छापील प्रत आणि मुलीच्या दवाखान्याच्या पत्राची प्रतही जवळ असू द्या. मोबाइलवर विसंबू नका. रांगेत असताना तो वापरायचा नसतो.

कधी कधी अधिकारी आणखी चौकशीसाठी बाजूच्या खोलीत बसायला सांगतात. ताई, याला अटक म्हणत नाहीत. रांग अडू नये म्हणून सविस्तर प्रश्न तिथे विचारले जातात आणि बहुतेकांना थोड्या वेळाने जाऊ दिले जाते. तिथे फोन करता येत नाही, म्हणून ‘मला बाहेर यायला तीन तास लागले तरी गडबडून जाऊ नकोस’, असे मुलीला आधीच सांगून ठेवा. दिवस भरत आलेल्या बाईने विमानतळावर ताटकळू नये. जावयांनी एकट्याने यावे.

त्यानंतर ‘बॅगेज क्लेम’च्या पाटीने जाऊन पट्ट्यावरून बॅगा घ्या. बॅग आली नाही तर दालनाबाहेर पडण्यापूर्वीच कंपनीच्या काउंटरवर पासपोर्टमागचे ते स्टिकर दाखवून तक्रार नोंदवा. पुढे सीमाशुल्काच्या दारावर खाण्याच्या पदार्थांबद्दल पुन्हा विचारतील. ‘यस, फूड’ म्हणा आणि लाडू, मसाला, लोणचे यांची इंग्रजीत लिहिलेली यादी दाखवा. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ती फार तर काढून घेतात, पण न सांगितलेली सापडली तर शेकडो डॉलरचा दंड होऊ शकतो. त्या दारातून बाहेर आलात की समोर जावई उभे असतील. नसले तर तिथेच बाकावर बसून राहा आणि बाहेरच्या टॅक्सीवाल्याबरोबर कुठेही जाऊ नका.

घरी पोहोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलीला एक काम करायला सांगा. तुमच्या पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असेल, पण प्रत्येक खेपेला किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि पाहुण्यांना साधारणपणे सहा महिने मिळतात. ती मुदत अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ‘आय-९४’ या नोंदीत दिसते. पासपोर्टवर शिक्का बसलेला असेलच असे नाही, म्हणून त्या नोंदीची प्रत छापून पासपोर्टमध्ये ठेवा. तिच्यावरच्या तारखेनंतर एक दिवसही जास्त राहिले तर व्हिसा रद्दबातल ठरतो, तेव्हा परतीच्या तिकिटाची तारीख त्या तारखेशी ताडून पाहा आणि बाळाच्या बारशाच्या गडबडीत हे राहून जाऊ देऊ नका.